सीव्हीवर एकही पुरस्कार नाही, तर सैद्धांतिक भौतिकशास्त्रात कोणी उभं करेल का?

एका मुलीने पोस्टमध्ये विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: टीवायबीएस्सीला, भौतिकशास्त्र. बदलापूरहून रोज लोकलने कॉलेज. आतापर्यंत ७८ टक्के. थिऑरेटिकल फिजिक्समध्येच काम करायचं ठरवलंय, पण सीव्हीवर एकही पुरस्कार नाही. गेल्या आठवड्यात, अर्ज केलेला नसताना, ‘युवा भौतिकशास्त्रज्ञ’ म्हणून निवड झाल्याचा मेल आला. प्रमाणपत्र आणि पदकासाठी साडेचार हजार रुपये भरायचेत. भरू का? आणि नाही भरले, तर पुरस्काराशिवाय टीआयएफआरसारख्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) ठिकाणी कोणी उभं करेल का? बाबा म्हणतात, आयटीत जा.

तुला अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. तुझ्या वयाची मुलं रोज समोर बसलेली असतात, त्यामुळे ‘तुम्ही’ तोंडातून निघत नाही.

आधी पैशांचं. भरू नकोस. अर्जाला फी असते, ते ठीक आहे, प्रवेशपरीक्षांनाही असतेच. पण ‘तुमची निवड झाली, आता पैसे भरा’ हा क्रमच उलटा आहे. जिने अर्जच केला नाही तिची निवड कशावरून झाली, हे त्या मेलला विचारून बघ. त्यातून असा पुरस्कार सीव्हीवर घातला तर वाचणारा नुसतं दुर्लक्ष करत नाही, त्याखालच्या खऱ्या ओळीही संशयाने वाचतो. पैसे घेऊन आठ दिवसांत पेपर छापणाऱ्या नियतकालिकांचंही तेच. निवड समितीवर बसलेली असताना असे पेपर लावलेले अर्ज मी पाहिलेत. त्या पेपरांनी त्या मुलांचं नुकसानच केलं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. तू पुरस्काराचं विचारतेयस, पण तुझ्या पोस्टमध्ये मला सतावणारी गोष्ट वेगळी आहे. तू काय वाचलंस ते लिहिलंयस, किती गुण मिळाले ते लिहिलंयस, पण तू कोणाबरोबर एखादं गणित रेटलंयस असं एकही वाक्य नाही. तू अडकल्यावर काय करतेस हे पाहिलेलं माणूस तुझ्या आयुष्यात अजून नाही. या क्षेत्रात सुरुवातीची सगळी दारं अशा माणसाच्या एका कागदावर उघडतात. त्या कागदाला शिफारसपत्र म्हणतात.

पुरस्कार त्यानंतर येतात, आणि बरेच नंतर येतात. आपल्या मुंबईतलंच बघ. अशोक सेन यांनी १९९४ मध्ये कुलाब्याला टीआयएफआरमध्ये असताना स्ट्रिंग थिअरीतल्या द्वैताबद्दलचा (वरवर वेगळी दिसणारी दोन वर्णनं मुळात एकच असण्याबद्दलचा) तो गाजलेला पेपर लिहिला. फंडामेंटल फिजिक्स पुरस्कार त्यांना मिळाला २०१२ मध्ये. दीपक धर यांचं वाळूच्या ढिगाऱ्यांवरचं काम १९९० चं, तेही टीआयएफआरमधलंच. बोल्ट्झमन पदक मिळालं २०२२ मध्ये. ज्यांना आपण ‘तरुण शास्त्रज्ञांचे पुरस्कार’ म्हणतो तेही तुझ्या वयाला लागू नाहीत. इटलीत ट्रिएस्टला असलेल्या आयसीटीपी या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्राचा पुरस्कार विकसनशील देशांतल्या चाळिशीच्या आतल्या शास्त्रज्ञांना मिळतो. सेन यांना तो १९८९ मध्ये मिळाला होता, टीआयएफआरच्या शिराझ मिनवाला यांना २०१० मध्ये. भटनागर पुरस्काराची वयोमर्यादा ४५. यातल्या बहुतेकांसाठी स्वतः अर्जही करता येत नाही, दुसऱ्याने नाव सुचवावं लागतं. म्हणजे तिथेही पुन्हा तेच: तुमचं काम ओळखणारा कोणीतरी.

नारळीकरांचं उदाहरण मला हमखास ऐकवलं जातं, की त्यांना केंब्रिजमध्ये विद्यार्थी असतानाच पदकं मिळाली. मिळाली, खरंच. स्मिथ पारितोषिक १९६२ मध्ये, चोविशीच्या आत. पण ते त्या विद्यापीठाचं, तिथल्याच विद्यार्थ्यांसाठीचं पारितोषिक होतं. आपल्याकडे बीएस्सीच्या मुलांना सैद्धांतिक कामासाठी देणारं तसं काही नाही, म्हणून तुझ्या सीव्हीवरची ती जागा रिकामी आहे. तुझ्या वर्गातल्या बाकीच्यांचीही रिकामीच असणार.

शिफारसपत्राचं मी इतकं का लावून धरलंय ते सांगते. मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला असताना एका उन्हाळी कार्यक्रमासाठी अर्ज केला. पत्र मागितलं ते कॉलेजातल्या सगळ्यांत मोठ्या पदावरच्या माणसाकडे, कारण मला वाटलं पद मोठं तर पत्राला वजन. पत्रात काय होतं ते पुढे योगायोगाने कळलं. विद्यार्थिनी सालस आहे, नियमित हजर असते, अक्षर सुंदर आहे आणि स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन उत्तम करते. सगळं खरं होतं. निवड झाली नाही. पुढच्या वर्षी मी आम्हाला गणिती पद्धती शिकवणाऱ्या एका तरुण सरांकडे गेले. ते तासिका तत्त्वावर होते, नावामागे काही नव्हतं. त्यांनी जेमतेम अर्धं पान लिहिलं. त्यात एक वाक्य असं होतं: ‘माझ्या नोट्समधल्या एका समाकलाची (इंटिग्रलची) मर्यादा चुकली होती, ती तीन वर्षांत कोणाच्या लक्षात आली नाही, हिने दाखवली आणि बरोबर उत्तरही काढून आणलं.’ त्या वर्षी निवड झाली. नुसत्या पत्राने झाली असं मी म्हणणार नाही, गुणही थोडे वाढले होते. पण मुलाखतीत मला पहिला प्रश्न त्या समाकलाबद्दलच विचारला गेला.

आज मी अर्ज वाचते तेव्हा आधी पत्र उघडते. मग गुणपत्रिका, पण एकूण टक्के नव्हे. क्वांटम, क्लासिकल मेकॅनिक्स, गणिती पद्धती आणि स्टॅट मेक (स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स) या चार ओळी. सरासरी ७८ असून या चारांत ९० असलेली मुलगी मला ८८ सरासरीच्या आणि इथे ७० असलेल्या मुलापेक्षा जास्त बोलावीशी वाटते. शेवटी ते एक पानी निवेदन. त्यात ‘लहानपणापासून मला ताऱ्यांचं आकर्षण होतं’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाचं असतं. त्याऐवजी गेल्या सहा महिन्यांत तुला न सुटलेला एक प्रश्न लिही, आणि तू कुठवर पोचलीस ते लिही. कुठे अडकलीस हेही. आम्ही त्यावरच बोलतो. हे माझं झालं. मी सांख्यिकी भौतिकीतली आहे, म्हणजे असंख्य कण मिळून कसे वागतात ते बघणारी. स्ट्रिंग थिअरीवाले मित्र कदाचित गणिताची तयारी आधी बघा म्हणतील, आणि काही ठिकाणी टक्क्यांची चाळणी आधी लागते, मग बाकी सगळं. तेव्हा टक्के अगदीच वाऱ्यावर सोडू नकोस.

मग असं माणूस मिळवायचं कसं? माणूस हातात काम घेऊन शोधावं लागतं. रिकाम्या हाताने ‘सर, मला तुमच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करायचंय’ असा मेल शंभर प्राध्यापकांना गेला तर शंभरही तो वाचत नाहीत, आणि त्यात माझाही नंबर असतो. एक उदाहरण सविस्तर देते, कारण हे हवेत बोलून समजत नाही.

वाळूच्या ढिगाऱ्याचं वर नाव घेतलं. मूळ कल्पना १९८७ ची, बाक, टांग आणि वीझनफेल्ड यांची. चौकोनी घरांची एक चौकट घे. प्रत्येक घरात शून्य ते तीन कण. कुठल्याही घरात एक कण टाक. चार झाले की ते घर कोसळतं आणि चारही बाजूंना एकेक कण देतं. कडेला असेल तर तो कण चौकटीबाहेर पडून जातो. शेजारी त्यामुळे चारावर गेला तर तोही कोसळतो, आणि असं सगळं शांत होईपर्यंत. दीपक धर यांनी दाखवलं की कोणतं घर आधी पाडलं याने काही फरक पडत नाही, शेवटचं चित्र तेच येतं. हे सिद्ध करायला बीएस्सीचं गणित पुरतं. आणखी एक: कण टाकत राहिलं तर काही रचना (कोणत्या घरात किती कण) एकदा गेल्या की परत कधीच येत नाहीत. परत येत राहणाऱ्या किती, हे एका निश्चयकावरून (डिटरमिनंटवरून) कळतं. मॅट्रिक्सच्या कर्णावर सगळीकडे ४, शेजारी घरांच्या जागी उणे १, बाकी शून्य. त्याचा निश्चयक म्हणजे उत्तर.

दोन बाय दोनच्या चौकटीत एकूण २५६ रचना. निश्चयक येतो १९२. दोन-तीन वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे आला, तुझ्यासारखाच टीवायचा. त्याला हे वाचायला दिलं आणि म्हटलं, निश्चयक विसर, मोजून दाखव. आठवड्याने तो २०७ घेऊन आला. शेजारची दोन घरं एकाच वेळी रिकामी असतील तर ती रचना परत येत नाही हे त्याने स्वतः शोधलं होतं आणि तशा ४९ वगळल्या होत्या. मी फक्त ‘पंधरा जास्त आहेत’ एवढंच म्हटलं. चार दिवस त्याचा पत्ता नाही. मग एका रात्री साडेअकराला मेल. दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत शून्य आणि उरलेल्या दोघांपैकी एकात तरी एक, अशा १०. चारही घरांत एक, ही १. एका घरात शून्य आणि तिघांत एक, अशा ४. एकूण १५. खाली लिहिलं होतं, ‘पण निश्चयकाला हे कसं कळतं?’

त्या शेवटच्या प्रश्नासाठी मी त्याला पत्र दिलं, आणि पत्रात २०७ चा आकडा जसाच्या तसा लिहिला. चूक लपवायची असते असं आपल्याला शाळेपासून शिकवतात. सैद्धांतिक कामात मात्र आपली चूक किती आहे हे नेमकं कळलं आणि ती कुठून आली ते शोधता आलं, की निम्मं काम झालं. पहिल्याच दिवशी १९२ आणून दिले असते, तर मला त्याच्याबद्दल काहीच कळलं नसतं.

अशी गोष्ट हातात घेऊन आधी आपल्याच कॉलेजातल्या माणसाकडे जा. तुझ्या कॉलेजात संशोधन करणारं कोणी नसेल, तरी चालेल. तास संपल्यावर फळ्याशी थांबणारे एखादे सर किंवा मॅडम असतातच. त्यांना आठवड्यातून अर्धा तास माग. चार महिने दिलेस तर त्यांच्याकडे लिहिण्यासारखं काहीतरी साचेल. त्याशिवाय टीआयएफआरचे लोक गेली कित्येक वर्षं रविवारी सकाळी ‘चाय अँड व्हाय’ हा विज्ञानगप्पांचा कार्यक्रम घेतात, माटुंग्याच्या रूपारेलमध्ये आणि जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये. तिथे पत्र मागायला जायचं नसतं. तिथे प्रश्न विचारायला शीक. अनोळखी माणसांसमोर अर्धवट समजलेलं बोलायची लाज तिथे जाते, आणि ती गेल्याशिवाय मुलाखत देता येत नाही. बदलापूरहून रविवारी सकाळी माटुंगा, त्यात मेगाब्लॉक. मला कल्पना आहे. महिन्यातून एकदा जमलं तरी पुष्कळ.

आता संधी. तारखा आणि पात्रता दरवर्षी थोड्या हलतात, जाहिरात मुळातून वाच. गणपती आत्ताच झालेत, म्हणजे तुझी वेळ अगदी चुकलेली नाही. पहिली, बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तिन्ही विज्ञान अकादमींची एकत्रित उन्हाळी फेलोशिप. जाहिरात साधारण दिवाळीच्या अलीकडेपलीकडे. देशभरातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे दोन महिने काम, आणि विद्यावेतन. तुझ्यासाठी हीच सगळ्यांत योग्य. टीआयएफआरचा व्हीएसआरपी हा उन्हाळी संशोधन कार्यक्रम, बंगळुरूच्या आयसीटीएस या संशोधन संस्थेची एस. एन. भट्ट फेलोशिप, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राच्या उन्हाळी शाळा, या पुढच्या. प्रत्येकीत कोणत्या वर्षाचे विद्यार्थी चालतात ते वेगळं आहे, म्हणून यंदा नाही तर एमएस्सीच्या पहिल्या वर्षात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा कार्यक्रम बीएस्सीच्या सुरुवातीच्या वर्षांसाठी असतो, तुझी ती गाडी गेली. धाकटा भाऊ-बहीण असेल तर त्यांना सांग.

उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत शोध लागत नाही, हे मनाशी धरून जा. सैद्धांतिक प्रकल्प म्हणजे बहुतेक वेळा एखादा जुना पेपर ओळीने ओळ सोडवणं. ‘सोपे आहे की’ असं म्हणून लेखकाने गाळलेल्या पायऱ्या भरण्यातच दोन महिने जातात. मुलं निराश होऊन परततात की आपण नवीन काहीच केलं नाही. मार्गदर्शकाला तेच हवं असतं.

त्याहून महत्त्वाचं, यंदाच्या हिवाळ्यातल्या परीक्षा. टीआयएफआरची प्रवेशपरीक्षा डिसेंबरात असते आणि अर्ज त्याआधीच बंद होतात. बीएस्सीनंतर थेट एमएस्सी-पीएचडी एकत्रित अभ्यासक्रमाला तिथे अर्ज करता येतो. जॅम ही एमएस्सीची सामायिक प्रवेशपरीक्षा फेब्रुवारीत, त्यावर आयआयटींची एमएस्सी आणि आयआयएस्सीची एकत्रित पीएचडी. दोन्ही दे. टीआयएफआरला लेखीनंतर मुलाखत असते, आणि मुलाखतीत तुझा सीव्ही कोणी फारसा उघडत नाही. फळ्यापाशी उभं करतात, खडू हातात देतात आणि साधासा दिसणारा प्रश्न विचारतात. म्हणजे ‘कोणी उभं करेल का’ याचं उत्तर शब्दशः हो आहे. यंदा नाहीच झालं तर कलिन्याला विद्यापीठात एमएस्सी कर आणि पुढच्या वर्षी पुन्हा बस. कमीपणा मानू नकोस, मीही तिथलीच आहे.

परदेशाचं एवढ्यात डोक्यात घेऊ नकोस. एमएस्सीनंतर आयसीटीपीचा एक वर्षाचा डिप्लोमा आणि कॅनडाच्या पेरिमीटर संस्थेचा पीएसआय हा एक वर्षाचा अभ्यासक्रम, या दोन्हींत खर्च संस्था भागवते आणि हे पीएचडीआधीचं वर्ष म्हणून उत्तम आहेत. स्वतःच्या पैशाने जायची वेळ आलीच तर मुंबईतलीच जे. एन. टाटा एंडॉवमेंट १८९२ पासून कर्जाऊ शिष्यवृत्ती देतेय. कर्जाऊ, म्हणजे फेडायची असते, हे बाबांना आधी सांग.

बाबांबद्दल. ते चुकीचं बोलत नाहीयेत, त्यांना फक्त आकडे कोणी दिलेले नाहीत. नेट-जेआरएफ या पीएचडीसाठीच्या शिष्यवृत्तीचे महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडे भत्ता किंवा वसतिगृह. पीएचडी म्हणजे पाच-सहा वर्षं. त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या कराराच्या पोस्टडॉक नोकऱ्या, बहुधा दोन, कधी तीन, वेगवेगळ्या शहरांत किंवा देशांत. कायमची जागा मिळाली तर पस्तिशीच्या आसपास, आणि मिळेलच असं नाही. माझ्याबरोबर पीएचडी केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आज बँकांत, डेटा सायन्समध्ये किंवा शाळा-कॉलेजांत आहेत, आणि त्यातले बरेच खूश आहेत. प्रोग्रामिंग चांगलं शीक. ते ढिगाऱ्यासाठीही लागतं आणि बाबांच्या आयटीसाठीही.

आणखी एक, जे मुली विचारत नाहीत म्हणून न विचारता सांगते. माझ्या पहिल्या पोस्टडॉकनंतर आईच्या आजारपणात दीड वर्ष काम थांबलं. तेव्हा वाटलं, संपलं सगळं. बऱ्याच पुरस्कारांत नुसतं वय बघतात आणि त्यात तो काळ गेला तो गेलाच. पण आययूपॅप या भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नवोदित शास्त्रज्ञांसाठीचा पुरस्कार पीएचडीनंतरची आठ वर्षं मोजतो आणि त्यातून असा खंड वगळतो. मला तो मिळाला नाही, पण माझं नाव सुचवलं गेलं होतं. ज्यांनी सुचवलं त्यांनी मला फळ्याशी अडकलेलं पाहिलं होतं.

साडेचार हजार वाचले, त्यातून गणिती पद्धतींचं एखादं जाडजूड पुस्तक घे. फोर्टात फुटपाथवर जुनं मिळालं तर वडापावालाही पैसे उरतील. आणि दोन बाय दोनचं उत्तर मी फोडलंय, म्हणून तुझ्यासाठी तीन बाय तीन. नऊ घरं, एकूण २,६२,१४४ रचना, परत येत राहणाऱ्या किती? निश्चयक हाताने काढ, मग प्रोग्रामने मोज. दोन्ही आकडे जुळले तर इथे खाली लिही. नाही जुळले, तर दोन्ही लिही.